मानाचं मशीन

टाकाचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आतबाहेर भरलं. तराजूची काचेची दारं लावून घेऊन अयोध्या सुई थांबायची वाट पाहत राहिली. सुई थांबली तरी तिनं दार उघडलं नाही. चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, पाठीमागून ठोकून बाईचा आकार उठवलेला. पदराच्या तीन रेघा, कपाळावर एक ठिपका, डोळ्यांचे दोन. तोंड नव्हतं. एवढ्याशा जागेत सोनाराला त्याची गरज वाटली नसावी. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर गेला होता. वरच्या कडेला पोतीत ओवायची कडी होती आणि तिच्या सांध्यावर डाख जरा जास्तच पडला होता. केमिस्ट जेवायला गेले होते. कॉम्प्युटरच्या टेपचं डोकं पुसायला स्पिरिट हवं म्हणून ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आली होती. पेल्यात स्पिरिट ओतून झालं होतं, कापूसही घेतला होता, आणि टाक तराजूत का ठेवला हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. वजन कळलं की वस्तू आवाक्यात येते अशी तिला लहानपणापासून सवय होती. हे वजन कळूनही काही आवाक्यात आलं नाही.

टाक डब्यात निघाला होता. हरणाबाईला, तिच्या आईला, लिहिता येत नव्हतं आणि अवघड गोष्ट समोर बसून बोलताही येत नसे. जे सांगायचं ते ती डब्यात ठेवायची. औरंगाबादेत संख्याशास्त्राच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा भाकरीखाली गुळाचा खडा निघाला होता. भांडण झालं की ठेच्यात मीठ नसायचं. आज ठेच्याच्या वाटीत ठेचा नव्हताच. विड्याच्या पानात गुंडाळलेली ही बाई होती. पहिली बायको वारली आणि दुसरी घरात आली, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. म्हणजे पहिलीचा जीव शांत राहतो आणि दुसरीला धरत नाही. पहिली म्हणजे शेवंता, अयोध्याची थोरली बहीण, दुसऱ्या बाळंतपणात गेलेली. दुसरी कोण, हे आता आईनं सांगून टाकलं होतं. शेवंताचे यजमान महारुद्र परंडा डेपोत कंडक्टर होते. पदरात तीन वर्षांची चिमी. शेवंताच्या वर्षश्राद्धापासून सगळे अयोध्याकडे पाहत होते आणि ती 'बघू' म्हणत आली होती. बघू म्हणजे हो, असा अर्थ घरानं कधी काढला हे तिला कळलं नाही. मध्येच पौष लागला. पौषात लग्नाचं बोलत नाहीत म्हणून घर गप्प होतं, आणि त्या गप्प राहण्यात तिला इतकं बरं वाटलं होतं की हा महिना संपतो हे ती विसरूनच गेली होती. तुळजापूरचा सोनार विसरला नव्हता. चार दिवसांवर माघ होता.

तिनं टाक रुमालात बांधला आणि मशीनच्या खोलीकडे निघाली. यार्डात उसाच्या गाड्या कमीच होत्या. पाण्यावाचून ऊस कांडीत वाळला होता, वजनाला हलका भरत होता, आणि गाळप होळीपर्यंतही पुरणार नाही असं सगळे बोलत होते. बैल गाडीखाली बसून उसाच्या शेंड्यांची वाळकी वाढी चघळत होते. कारखान्याला पाणी टँकरनं येई आणि त्यातलं पहिलं पाणी बॉयलरला जाई. मशीनच्या खोलीत मात्र गारवा होता. साऱ्या कारखान्यात थंड हवेचं यंत्र तेवढ्याच खोलीला होतं, आणि म्हणून संचालकांना तिथं वरचेवर काम निघे. आत्ताही गुंडाप्पा तिच्या खुर्चीत बसले होते. खरेदीचं खातं त्यांच्याकडे होतं. उद्याच्या सभेत टेपच्या कपाटाचा विषय होता.

"या म्याडम. तुमच्याच खुर्चीची राखण करतुया."

"बसा, अप्पा."

"बसलोयच की. आता सांगा, दोन मशीनं घेतली, आणि आता टेपा ठिवाय कपाट पायजे, ते बी इथं न्हाय, गावातल्या बँकेच्या शाखेत. म्या सभेत काय सांगू?"

तिनं सांगितलं. तिला हे सांगायला आवडत असे. दिवसभरात एवढंच बोलणं असं असे की त्यात तिला शब्द शोधावे लागत नसत. दोन कॉम्प्युटर केबलनं जोडलेले आहेत. सभासदांची नोंद, कुणाच्या उसाची तोड कधी, कुणाच्या किती खेपा काट्यावर आल्या, हे सगळं दोन्हींवर एकाच वेळी लिहिलं जातं. एक बंद पडला तर दुसरा काम उचलतो. पण दोन्ही एका छताखाली आहेत, एका विजेवर आहेत, आणि एकावर चुकीचं लिहिलं गेलं तर दुसऱ्यावरही चुकीचंच लिहिलं जातं. म्हणून रोज संध्याकाळी टेपवर प्रत घ्यायची आणि ती प्रत दुसऱ्या छताखाली ठेवायची.

"म्हंजे दोन नंबर ही स्टेपनी."

"स्टेपनी म्हणा हवं तर."

"आणि टेप ही स्टेपनीची स्टेपनी." गुंडाप्पा खूश झाले. "मग तिला गावात कशाला धाडायची? स्टेपनी गाडीच्याच बुडाखाली ऱ्हाती की हो."

"गाडी जळाली तर स्टेपनीही जळते, अप्पा."

"आवो, गाडीच जळाल्यावर स्टेपनी घिऊन काय करायचं? गळ्यात घालून फिरायचं?"

ऑपरेटर रामकिसन मोठ्यानं हसला. अयोध्याही हसली असावी, कारण गुंडाप्पा समाधानानं उठले आणि जाताना म्हणाले, "सांगतो मी सभेत. पण त्या टेपंत खरंच काय हाय का, तेवढं बघून ठिवा. न्हाय तर रिकामी पेटी बँकेत, आणि आमी कुलूप राखत बसणार." ते हे गमतीनं म्हणाले. रुमालातला टाक तिच्या हातात होता आणि त्याची कडी तळव्याला टोचत होती.

टेप परत वाचून पाहायची हे तिनंच घालून दिलेलं होतं. प्रत घेतली म्हणजे प्रत झाली असं नाही, ती परत उतरवून पाहिली की मग झाली. हे ती रामकिसनला सांगत आली होती, आणि हंगामाच्या धांदलीत स्वतः मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं टेपचं डोकं स्पिरिटनं पुसलं. कापसावर तपकिरी धूळ आली आणि त्यात थोडं लाल. दसऱ्याचं कुंकू. शस्त्रपूजेला रामकिसननं यंत्राच्या चारी कोपऱ्यांना बोटं ओढली होती, एक नंबरच्या मशीनच्या माथ्यावर झेंडूचा हार घातला होता. तो हार अजून तिथंच होता, वाळून काळपट झालेला. तिनं कालची टेप घातली आणि यंत्रातल्या मोकळ्या जागेत उतरवायला लावली. टेप फिरू लागली. तो आवाज तिला माहीत होता, बारीक, एकसुरी, दूर कुणीतरी पीठ चाळत असावं तसा.

त्या आवाजात तिला खडी आठवली. बहात्तर साली तुळजापूरच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. शेकडो हातोड्या दिवसभर चालत, आणि लांबून तो आवाज असा चाळल्यासारखा एक होऊन येई. मेंढरं वडिलांनी खाली भीमेच्या काठानं नेली होती, ती परत आली नाहीत. वडील आले ते खोकला घेऊन. घरातून दोन जणींनी कामावर जायचं ठरलं होतं, आई आणि एक मुलगी. मुलगी म्हणजे कोणती, हे कुणी ठरवलं नव्हतं. शेवंतानं हातोडी उचलली आणि म्हणाली, "तू जा शाळंत. तुला खडीचं काय कळतंय, तू दगड मोजत बसशील." अयोध्या शाळेत गेली. सुट्टीत ती मजुरांना वाटायचा खाऊ, सुकडी, आणायला कामावर जाई, तेव्हा एकदा शेवंता उन्हात ओल्या फडक्यानं डावा डोळा दाबून बसलेली दिसली होती. दगडाची कपची उडाली होती. डोळा वाचला, पण बुबुळाशेजारी एक पांढरा ठिपका कायम राहिला आणि त्या डोळ्याची पापणी थोडी वर ओढल्यासारखी झाली. तुळजापूरच्या सोनारानं शेवंताला कधी पाहिलं नव्हतं. तो सगळे टाक एकाच ठशावर ठोकतो. एखाद्याचा डोळा सरकला तर तो हातोडीचा दोष. अयोध्याला हे पुरेपूर माहीत होतं. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्यांचा संबंध असतो असं नाही, हे तिनं विद्यापीठात दोन वर्षं शिकून घेतलं होतं. तरीही मघाशी तराजूच्या काचेतून पाहताना तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे गेला होता. आई आजवर ते बोलली नव्हती, पण बोलायची वेळ आली तर काय बोलेल हे अयोध्या शब्दाशब्दानिशी सांगू शकली असती. तुझ्या जागी ती खडीवर गेली. आता तिच्या जागी तू जा. या हिशेबात चूक कुठं आहे, हे ती दीड वर्ष शोधत होती आणि तिला चूक सापडत नव्हती.

टेप थांबली. तिनं यादी पडद्यावर आणली. शेवटची नोंद पाडव्याची होती, दिवाळीतल्या पाडव्याची. तिनं टेपवरची चिठ्ठी पाहिली. रामकिसनच्या गोल अक्षरात कालची तारीख. तिनं परवाची टेप घातली. पाडवा. मागच्या आठवड्यातली. पाडवा. टेपा कोऱ्या नव्हत्या, नासलेल्या नव्हत्या. प्रत्येकीवर सगळं होतं, स्वच्छ, अचूक, पाडव्याच्या दुपारपर्यंतचं, आणि त्यापुढं काही नव्हतं.

"रामकिसन, पाडव्याला काय झालं होतं?"

"पाडव्याला? काय न्हाय. लाईट डीम झाली हुती जरा."

"मग?"

"मग एक नंबर थांबलं. पुन्हा चालू केलं म्या. तवर दोननं काम उचललं हुतं." त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "काट्यावरच्या लोकांना कळलं बी न्हाय."

"आणि एक नंबर?"

"चालू हाय की. पंखा फिरतोय, दिवा हाय."

दिवा होता. पंखा फिरत होता. पाडव्यानंतर एक नंबर परत सुरू झाला, पण दोनशी त्याचं जे तुटलं ते तुटलेलंच राहिलं. त्याच्यावर नवीन काही लिहिलं जात नव्हतं. हंगामाची प्रत्येक खेप दोन नंबरनं घेतली होती. आणि टेप एक नंबरला लावलेली होती, म्हणून रोज संध्याकाळी रामकिसन त्या थांबलेल्या यंत्राची प्रत घेत होता, तिच्यावर नवी तारीख घालत होता, आणि फळीवर रांगेत लावत होता.

"टेप काढून दोनला का नाही लावलीस?"

रामकिसन घुटमळला. "म्याडम, एक नंबर मानाचं हाय. चेअरमनसायबांनी नारळ त्याच्यावर फोडलाय. हार त्यालाच. दसऱ्याला पयलं कुंकू त्याला. त्याची टेप काढून दुसऱ्याला लावायची म्हंजे…" त्यानं हाराकडे पाहिलं. "आणि दोननं उचललंच हुतं की. तुमीच म्हणला हुता, दोननं उचललं पायजे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. "काहीच थांबलं न्हाय."

तिला रागवायचं होतं. शब्द तयार होते, बरोबर होते, आणि ते तोंडात आल्यावर त्यांना चव राहिली नाही. ती दोन नंबरसमोर जाऊन उभी राहिली. भिंतीकडेला, लोखंडी स्टुलावर, अंगावर ना कुंकू ना हार. तिनं त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा चांगलाच तापला होता. तीन महिने हे एकटंच चाललं होतं आणि त्याच्या मागं काही नव्हतं. ते बंद पडलं असतं तर पाडव्यानंतरचं काहीच उरलं नसतं. आणि लोकांनी फळीवरची टेपांची रांग दाखवली असती, बघा, सगळं जपून ठेवलंय. यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. रामकिसन प्रामाणिक होता. पहिल्याचा मान त्यानं पहिल्याला दिला होता आणि काम दुसऱ्याकडून करून घेतलं होतं, आणि या दोन्ही गोष्टींत त्याला काही वावगं दिसलं नव्हतं. तिलाही इतके दिवस दिसलं नव्हतं. ती रोज या खोलीत बसत होती.

"पाना आण," ती म्हणाली.

रामकिसननं आधी हार उतरवला, तो कागदात गुंडाळला, आणि मग पाना आणला. टेपचा खोका सोडवून त्यांनी दोन नंबरला जोडला. प्रत घ्यायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. मग तिनं ती प्रत परत वाचली, ओळ न् ओळ, आज सकाळच्या शेवटच्या गाडीपर्यंत. सगळं होतं. मग ती वाकली आणि एक नंबरचं बटण बंद केलं. पंखा थोडा वेळ स्वतःच्या वेगानं फिरत राहिला आणि थांबला. खोलीत एक आवाज कमी झाला. तो इतके दिवस होता हे तो गेल्यावरच कळलं.

"चेअरमनसायेब इचारतील," रामकिसन म्हणाला.

"विचारू देत."

ऊन उतरायच्या आत ती वसाहतीतल्या घरी गेली. दाराबाहेर कंडक्टरचे काळे बूट होते. महारुद्र खाकी कपड्यांतच आले होते, तिकिटांची पेटी भिंतीशी ठेवून पाटावर बसले होते, आणि चिमी त्यांच्या मांडीवर बिस्किट चोखत होती. हे होणार हे तिला डबा उघडला तेव्हाच कळायला हवं होतं. शेवंता असताना दाजी आले की दारातूनच ओरडत, "मेव्हणीबाई, पुढं सरका, मागं जागा हाय!" आणि शेवंता आतून म्हणे, "तिकीट काढल्याबिगर घिऊ नगा तिला." शेवंता गेल्यापासून त्यांनी अयोध्याला कसलीच हाक मारली नव्हती. नाव नाही, नातं नाही. बोलायचं ते चिमीकडे पाहून बोलत.

"आली बग," ते चिमीला म्हणाले.

"म्हण की गं," हरणाबाई चुलीपासून म्हणाली, "कोण आलं? काय म्हणायचं शिकवलं तुला?"

चिमीनं बिस्किट तोंडातून काढलं, आजीकडे पाहिलं, अयोध्याकडे पाहिलं, आणि परीक्षेला बसल्यासारखं म्हणाली, "आई." मग जरा थांबून, आपली काहीतरी चूक झाली असं वाटून, "मावशी."

"दोन्ही झालं आता," महारुद्र हसले. हसताना ते थकलेले दिसले. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. शेवंताला जीपमधून बार्शीला नेताना सारा रस्ता तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते वाईट असते तर सोपं झालं असतं, हे अयोध्याला बऱ्याच दिवसांपूर्वी कळलं होतं, आणि असं वाटल्याची तिला शरम वाटली होती.

"डबा खाल्ला का?" आईनं पाठमोरी राहूनच विचारलं.

"खाल्ला."

"समदा?"

"वाटीतला टाक माझ्याजवळ आहे."

हरणाबाई वळली. "मग झालं. माघातली तीज धरलीय गुरवानं. गळ्यात घातला की काढायचा न्हाय. सकाळी आंघुळ झाली की आदी तिला कुंकू, मग तुला. निवद बी आदी तिलाच. पहिलीचा मान पहिलीला." ती हे समजुतीच्या सुरात सांगत होती, जणू मुलीला स्वयंपाकातली एखादी खुबी सांगावी. "जड न्हाय. कळत बी न्हाय गळ्यात हाय म्हणून."

"मामी, सावकाश," महारुद्र सासूला म्हणाले. "नोकरीचं बी बगावं लागंल. परंड्यात कुठं कारखाना हाय?"

"आता नोकरी कशाला? लेकरू कोण बगणार? थोरलीनं खडी फोडली म्हणून हिची शाळा झाली. एवढं तरी…" आईनं वाक्य सोडून दिलं. पदरानं डोळे पुसले, ते धुरानं की कशानं. तर ते आलं एकदाचं. अयोध्या दीड वर्ष त्या वाक्याची भीती बाळगून होती, आणि ते आलं तर स्वयंपाकघरातला धूर होता तेवढाच राहिला. तिनं हिशेब पुन्हा एकदा पाहिला. शेवंता खडीवर गेली कारण कुणीतरी जायचंच होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. आता अयोध्यालाही कुणी विचारत नव्हतं, आणि यामुळं फिटाफीट होते असं सगळे धरून चालले होते. शेवंताला यात काय परत मिळणार होतं? चांदीचा पत्रा, तोंड नसलेला. अयोध्या कामाला लागली असती, दळण, पाणी, चिमीच्या वेण्या, डेपोचा डबा. मान रोज सकाळी त्या पत्र्याला मिळाला असता, आणि घरात काहीच थांबलं नसतं.

चहा झाला. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून महारुद्र उठले, चिमीला खांद्यावर घेतलं, मोकळा हात भिंतीकडे केला आणि सहज म्हणाले, "तेवढी पेटी दे गं, शेवंता."

अयोध्यानं पेटी उचलून दिलीसुद्धा. आई कपबशा विसळत होती, ती विसळत राहिली. महारुद्रांनी पेटी खांद्याला अडकवली. कुणाच्याच कानाला काही लागलं नव्हतं, म्हणणाऱ्याच्याही नाही. फक्त चिमी बापाच्या खांद्यावरून अयोध्याकडे टक लावून पाहत होती, डोळे मोठे करून, कोण हे नक्की करायला. अयोध्यानं रुमालाची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, नखांनी सोडवावी लागली. टाक तिनं महारुद्रांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली. त्यांना तिनं आजवर कधी हात लावला नव्हता.

"दाजी," ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं. "ही तुमच्याजवळ राहू दे. मी अयोध्या आहे. चिमीची मी मावशी आहे, ती मी मरेपर्यंत राहीन. पण मी तुमच्याशी लग्न करणार नाही. माघात नाही, आणि पुढंही नाही."